टिळकवाडीतलं जीएसटीची कामं करून देणारं ऑफिस: काम चोख, कागद वाचून मात्र बीपी वाढतो

बेळगावात शहापूरच्या खडेबाजारात आमचं साड्यांचं छोटं दुकान आहे. ओळखीच्या दुकानदार बायका सारख्या विचारतात, "जीएसटीचं रिटर्न कुणाकडं भरतीस गं?" प्रत्येकीला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते. ऑफिसचं नाव देत नाही. "जाहिरात नको ओ वैनी, आहेत तेवढ्यांचीच कामं उरकेनात," असं ऑफिस चालवणाऱ्या सरांनी बजावलंय. टिळकवाडीत, पहिल्या रेल्वे गेटापासून चालत जाण्यासारखं, एका मेडिकलच्या वर. खरंच हवं असेल तर दुकानात येऊन विचारा.

फी महिन्याला सहाशे, वार्षिक रिटर्नचे वेगळे. याहून स्वस्तात करून देणारे बेळगावात पुष्कळ आहेत आणि मी आधी तसल्याच एकाकडं जात होते. तो गोड बोलायचा आणि रिटर्न भरायचाच नाही. उशीर झाला की दिवसाला पन्नास रुपये लेट फी पडते, ती पडतच होती. त्याहून वाईट म्हणजे मी चंदगडच्या ज्या दुकानदाराला माल दिला होता त्याला त्याचं क्रेडिट (मला दिलेल्या कराची वजावट) पोर्टलवर दिसेना. तो माणूस फोन करून माझ्यावरच ओरडायचा. आपण कर भरायचा, शिव्याही आपणच खायच्या. तेव्हा एका वडगावच्या मागवाल्यांनी या सरांचा पत्ता दिला.

सरांनी पहिल्या भेटीत कागदं बघायच्या आधी एकच विचारलं, "माल महाराष्ट्रात जातो काय ओ?" म्हटलं, जातो की. शिनोळी कुठं लांब आहे? वेंगुर्ला रोडनं निघालं की चहा थंड व्हायच्या आत महाराष्ट्र लागतो. चंदगड, गडहिंग्लजचे चार दुकानदार पहिल्यापासून आमच्याकडून साड्या नेतात, आम्ही पार्सल पाठवतो. सर म्हणाले, "मग संपलं." आणि कागदावर रेघ ओढून समजावलं. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला चाळीस लाखांपर्यंत नोंदणीची गरज नाही. पण दुसऱ्या राज्यात माल पाठवला की उलाढाल कितीही असो, जीएसटी नंबर घ्यावाच लागतो. एक टक्कावाली कंपोझिशन स्कीमही (उलाढालीवर सरसकट एक टक्का कर भरायची सोय) मग मिळत नाही. धारवाडला माल पाठवला तर काही नाही. शिनोळीला पाठवला की आंतरराज्य व्यापार.

आता पुढचं ऐका. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार घरातल्या कर्त्या बाईला मिळतात, पण ती किंवा तिचा नवरा इन्कम टॅक्स भरत असेल किंवा जीएसटी रिटर्न भरत असेल तर मिळत नाहीत. म्हणजे मला नाहीत. बरं, लाडकी बहीण तरी? ती महाराष्ट्रात राहणाऱ्यांना. माझ्या नणंदेला चंदगडला महिना दीड हजार येतात आणि ती दर दिवाळीला मला ऐकवते. सरांना हे रडगाणं सांगितलं तर ते हसायलाच लागले. म्हणाले, "वैनी, तुम्ही चंदगडला साडी विकता त्यावर पाच टक्के आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यापारावरचा जीएसटी, लागतो. तो जिथं माल वापरला जातो तिथं जातो, अर्धा केंद्राला आणि अर्धा महाराष्ट्राला. तुमच्या नणंदेच्या दीड हजारात तुमच्या साडीचा चिमूटभर वाटा आहेच की." त्या दिवशी मी घरी येऊन कुणाशी बोलले नाही.

हे असं स्पष्ट सांगणारा माणूस सहाशे रुपयांत मिळतो, म्हणून हा रिव्ह्यू.

या ऑफिसात आणखी एक गोष्ट मिळते जी दुसरीकडं कुठं बघितली नाही. मार्चएंडचं काम झालं की सर प्रत्येक गिऱ्हाइकाला एक कागद देतात. साधा ए-फोर, मधोमध पट्टीनं मारलेली उभी रेघ, डावीकडं 'दिलं', उजवीकडं 'मिळालं'. निळ्या पेनानं, गिचमिड अक्षरात. त्यासाठी ते तुम्हाला आधी दहा प्रश्न विचारतात. गाडीत पेट्रोल किती घालता, लाइटबिल किती, बस कोण वापरतं, यंदा घर-जागेचं काही केलं काय.

माझ्या कागदावर उजवीकडं काहीच नव्हतं असं नाही, खोटं कशाला बोलू. घरचं हेस्कॉमचं लाइटबिल राज्याच्या गृहज्योती योजनेमुळं शून्य येतं. सासूबाई सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला बायकांना फुकट असलेल्या सरकारी बसनं जाऊन येतात आणि कंडक्टरनं दिलेलं शून्याचं तिकीट पर्समध्ये जपून ठेवतात. ते सरांनी रुपयांत धरलं होतं. पण डावी बाजू वाचत गेले तसं डोकं तापायला लागलं. दुकानाचं लाइटबिल पूर्ण, त्यात २०२५-२६ ला युनिटमागं ३६ पैसे जादा. ते कशाचे, तर वीज कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शन आणि ग्रॅच्युइटीचे. आमचे हे बाजाराला खानापूरला बसनं जातात, २०२५ च्या जानेवारीत तिकीट १५ टक्क्यांनी वाढलं. म्हणजे सासूबाईंचं तिकीट थोडं त्यांच्याच मुलाच्या खिशातून निघतं. मुलीच्या नावातल्या दुरुस्तीला अॅफिडेव्हिट केलं, वीसचा स्टॅम्प शंभरला झालाय. दिरांनी प्लॉट घेतला, तर २०२५ च्या ऑगस्टअखेरपासून नोंदणी फी एक टक्क्याची दोन टक्के झालेली. दुधाच्या पिशवीचं तर बोलूच नका.

पेट्रोलची ओळ लाल पेनानं होती. ४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला. १५ जूनला राज्यानं पेट्रोलवरचा विक्रीकर २५.९२ टक्क्यांवरून २९.८४ टक्क्यांवर नेला, लिटरला तीन रुपये वाढले. आम्ही ७ मे ला रांगेत उभे राहून, उन्हात, बोटाला शाई लावून घेतली होती. निकालानंतर अकरा दिवस थांबले हीच मेहेरबानी. (तरीसुद्धा तिकडचे लोक टाकी भरायला आपल्याच बाजूला येतात, कारण महाराष्ट्रात त्याहून महाग. यात आनंद मानायचा काय?)

सरांच्या टेबलामागच्या भिंतीवर केंद्राच्या बजेटमधल्या त्या गोल चित्राची झेरॉक्स चिकटवलेली आहे, रुपया येतो कुठून आणि जातो कुठं. २०२५-२६ चं. येणाऱ्या रुपयातले २४ पैसे कर्जाचे, जाणाऱ्या रुपयातले २० पैसे व्याजाचे. त्याच्या शेजारी राज्याचे आकडे हातानं लिहिलेले. कर्नाटकाचं त्या वर्षाचं अंदाजपत्रक चार लाख नऊ हजार कोटींचं, नवं कर्ज एक लाख सोळा हजार कोटी, पाच गॅरंटींचा (गृहलक्ष्मी, गृहज्योती, फुकट बस अशा योजनांचा) खर्च एक्कावन्न हजार कोटी. वर्षअखेरीस एकूण देणं सात लाख चौसष्ट हजार कोटींवर, म्हणजे राज्याच्या उत्पन्नाच्या (सरकारच्या नव्हे, अख्ख्या राज्याच्या, जीएसडीपीच्या) २४.९१ टक्के. मर्यादा २५ ची. सर म्हणतात, "काठावर पास." महाराष्ट्राचं देणं त्याच वर्षी नऊ लाख बत्तीस हजार कोटींवर धरलेलं, पण उत्पन्न मोठं म्हणून टक्केवारी कमी, हे पण त्यांनी खाली लिहून ठेवलंय. एकाच बाजूनं आकडे फेकत नाहीत, हा त्यांचा गुण.

बाहेरच्या बाकड्यावर मात्र एकाच बाजूनंच चालतं. नंबर यायला तास-दीड तास लागतो आणि तेवढ्यात विधानसभेपासून महापालिकेपर्यंत सगळं सरकार पाडून होतं. हॉटेलवाले शेट्टी अण्णा, वडगावचे मागवाले मामा, एक काँट्रॅक्टर आणि मी. काँट्रॅक्टर म्हणतो, २०२३ ला जिल्ह्यातल्या अठरापैकी अकरा जागा काँग्रेसला दिल्या, भोगा. मामा महाराष्ट्र एकीकरण समितीचे जुने, ते म्हणतात भाजपच्या सातांनी तरी काय दिवे लावले, आमचा एकसुद्धा निवडून आला असता तर. अण्णा म्हणतात, "मामा, निवडून येऊन तुम्ही जीएसटी माफ करणार होता काय?" मग मामा तोंड फिरवून बसतात.

मला या भांडणात राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मी जाहीरनामे वाचलेत, दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं. त्याच निवडणुकीत भाजपनंही गरीब कुटुंबांना रोज अर्धा लिटर दूध आणि सणाला एक असे वर्षाला तीन सिलिंडर फुकट देऊ म्हटलं होतं. तिकडं महाराष्ट्रात २०२४ ला एकानं लाडक्या बहिणीच्या दीड हजाराचे एकवीसशे करतो म्हटलं, दुसऱ्यानं तीन हजार. म्हणजे मत कुणालाही द्या, बिल आपल्याच दुकानावर. पैसे कुठून आणणार, हे मतं मागायला आलेल्या एकालाही आमच्या गल्लीत कुणी विचारलं नाही. लोकांनी काय विचारलं? नळाला पाणी किती दिवसाआड, मंडपाला किती देणार, आणि तुम्ही आमच्यातले की त्यांच्यातले. निवडणुकीच्या आधी एक कुकर पण घरोघर आला. शिट्टी अजून वाजते, कुणी दिला ते लिहीत नाही.

आणि दोन हजारांना नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. आमच्या दुकानात फॉल-पिकोला येणारी शोभा, तिच्या नवऱ्याचा भरवसा नाही, तिला त्या पैशाचा खराच आधार झाला. पोरीची फी भरली तिनं. माझं म्हणणं एवढंच की शोभाला दिलेलं दिसतं, कर्ज दिसत नाही, आणि ते कर्ज फेडायला शोभाची पोरगीच असणार आहे. बाकड्यावर हे बोलले तर काँट्रॅक्टर म्हणाला, वैनी, तुम्ही उभ्या राहा. मी म्हटलं, डिपॉझिट कोण भरणार, तू?

जुलै २०२५ मधली गोष्ट सांगायलाच हवी. राज्यात छोट्या व्यापाऱ्यांना यूपीआयचे आकडे बघून नोटिसा गेल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला २९ लाखांची आली, आणि ताज्या भाजीला जीएसटीच नाही! आपल्याकडंही लोकांनी घाबरून क्यूआरचे स्टिकर खरवडून काढले, 'फक्त कॅश'चे बोर्ड लागले. त्या आठवड्यात सरांच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. फुलवाल्या, इडलीवाला, झेरॉक्सवाला. यातला एकही त्यांचं गिऱ्हाईक नव्हता. सर प्रत्येकाला पासबुक आणायला सांगायचे आणि विचारायचे, यात मुलानं पाठवलेले किती, भिशीचे किती, उसने किती, खऱ्या विक्रीचे किती. कुणाकडूनही पैसे घेतले नाहीत. पुढं मुख्यमंत्र्यांनी जुनी वसुली करणार नाही असं जाहीर केलं तेव्हा कुठं स्टिकर परत लागले. पूर्ण एक तारा मी त्या आठवड्याचा देते.

आता तक्रारी. ओटीपी. तिथं कामाला असलेली मुलगी हुशार आहे, कन्नड-मराठी दोन्ही फाडफाड बोलते, पण तिला ओटीपी नेमका तेव्हाच लागतो जेव्हा माझ्यासमोर लग्नाच्या बस्त्याची पार्टी बसलेली असते. "काकू, दहा मिनिटांत एक्सपायर होतंय!" समोर पन्नास साड्या उलगडलेल्या, नवरीची आत्या रंगावरून रुसलेली, आणि मी मोबाइल शोधतेय. हे चार वेळा सांगून सुधारलेलं नाही. दुसरं, सरांना बोलायला आवडतं. व्याज म्हणजे काय इथून सुरुवात होते. घाई असेल तर सरळ मुलीकडं कागद देऊन निघा. तिसरं, पावत्या व्हॉट्सअॅपवर चालत नाहीत, कागदच लागतो, सुरतच्या खरेदीची बिलं सुद्धा प्रिंट काढून न्यायची. पन्नास हजारांच्या वरच्या पार्सलला ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) करून देतात पण संध्याकाळी सहानंतर नाही. ट्रान्सपोर्टवाले निघतात आठला.

गेल्या एप्रिलमध्ये फी पाचशेची सहाशे केली. पण जानेवारीतच सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं, परवडत नसेल तर कागद परत न्या म्हणून. वाढवायच्या आधी सांगणारा एवढा एकच भेटला मला.

पाचातले चार तारे. एक ओटीपीसाठी कापला.

जाणार असाल तर १० आणि ११ ला, तसंच १८ ते २० ला जाऊ नका, रिटर्नच्या तारखा असतात. डावं-उजवं लिहिलेला कागद हवा असेल तर मार्चमध्येच सांगून ठेवा, नाहीतर मेपर्यंत मिळत नाही. लाइटबिलं आणि घरपट्टीची पावती बरोबर ठेवा. आणि स्कूटर मेडिकलच्या दारात लावू नका, तो हवा सोडतो.