नाक शोधायला गेले, 'शिवाय' सापडलं

जूनमध्ये ब्राउन-ड्रायव्हर-ब्रिग्जचा हिब्रू शब्दकोश मागवला. खोका आला तो एका कोपऱ्यात चेपलेला, आतल्या पुठ्ठ्याचंही तेच. विक्रेत्याला फोटो पाठवले. 'बदलून देतो ताई' म्हणाला आणि मग फोन उचलेनासा झाला. पानं शाबूत होती म्हणून नाद सोडला. हजारावर पानांचं धूड आहे, मांडीवर घेतलं तर पायाला मुंग्या येतात. मी देवळातल्यासारखा पाट पुढ्यात घेते आणि त्यावर ठेवते.

घ्यायचं निमित्त एकच शब्द. बायबलच्या निर्गम या पुस्तकात, 34:6 मध्ये, परमेश्वराला 'मंदक्रोध' म्हणजे लवकर न रागावणारा म्हटलंय, ते लहानपणापासून उपासनेत ऐकून पाठ. साठी उलटल्यावर हिब्रू शिकायला लागले तेव्हा कळलं, मुळात तिथे 'एरेख अप्पायिम' आहे. शब्दशः, लांब नाकपुड्यांचा! घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "म्हणजे तुझ्या माहेरच्यांसारखा." असो.

नाकाला हिब्रूत 'अफ'. कोश उघडला, अलेफ-पे ही त्याची दोन हिब्रू अक्षरं काढली, तर समोर 'अफ' म्हणजे 'शिवाय, सुद्धा'. नाकाचा पत्ता नाही. अर्धा तास गेला. या कोशात शब्द अक्षरानुक्रमाने नसून धातूंखाली लावलेत, हे प्रस्तावना न वाचल्याची शिक्षा. 'अफ'मधला नून, म्हणजे 'न'चं अक्षर, गळालेला आहे. धातू अलेफ-नून-पे, रागावणे. नाक आहे चार पानं मागे, साठाव्या पानावर. अरबीत तो नून अजून टिकून आहे, नाकाला ते 'अन्फ' म्हणतात, आणि हे कोशच तिथल्या तिथे दाखवतो. हिब्रूतही गळालेल्या नूनाची खूण राहिलीये: 'माझं नाक' म्हणताना पे दुप्पट होतो, 'अप्पी'. त्या क्षणी चेपलेल्या कोपऱ्याचा राग गेला.

मग नोंद वाचत गेले. नाकपुडी, नाक, तोंड, राग. उत्पत्ती 2:7 मध्ये मातीच्या माणसाच्या नाकात श्वास फुंकला जातो. 3:19 मध्ये आपण 'निढळाच्या घामाने' वाचतो तिथे मूळ घाम नाकाचा आहे. मराठीत तो कपाळावर चढला आणि बरंच झालं. राग आला की हिब्रूत नाक पेटतं. लवकर चिडणारा तो आखूड नाकाचा, नीतिसूत्रे 14:17. इंग्रजाला यावर तळटीप लागत असेल, आपल्याकडे राग नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असतो. फरक इतकाच की आपलं नाक अब्रूचंही आहे, कापलं जातं, वर राहतं.

सगळ्यात मजा नीतिसूत्रे 30:33 ची. 'मीत्स' म्हणजे दाबणं, घुसळणं. दुधाचं मीत्स केलं की लोणी, 'अफ'चं मीत्स केलं की रक्त, 'अप्पायिम'चं केलं की भांडण. एकच शब्द, आधी एकवचनी नाक, मग द्विवचनात राग. जोरात नाक शिंकरून घोळणा फुटला, इथपासून भाऊबंदकीपर्यंत एका ओळीत. भाषांतरात ही कोटी मरते. कोशात दोन्ही रूपं एकाच नोंदीत मिळतात म्हणून ती दिसली.

आता तक्रारी. अक्षर मुंगीएवढं. भिंग वेगळं विकत घेतलं. संक्षेपांचं जंगल आहे, पहिला महिना संक्षेपांची यादी आणि नोंद यांत बोटं घालूनच बसायचं. आणि हा कोश 1906 सालचा, त्याच्या मुळाशी गेसेनिअस या जर्मन पंडिताचा त्याहून जुना कोश. सीरियातल्या उगारिट या प्राचीन शहराचे, हिब्रूच्या जवळच्या भाषेतले लेख 1929 मध्ये निघाले, मृत समुद्राकाठच्या जुन्या हस्तलिखितांच्या गुंडाळ्या 1947 पासून सापडत गेल्या. यातलं काहीच इथे नाही. 'अफ'सारख्या पक्क्या शब्दाला त्याने फार अडत नाही, पण एकदाच आलेल्या, अडनिड्या शब्दांसाठी याच्यावर एकट्यावर विसंबू नका. बायबलच्या दानीएल आणि एज्रा या पुस्तकांतले अरामी भाषेतले शब्द शोधत असाल तर ते शेवटी वेगळ्या भागात आहेत, मी तेही आधीच्या हिब्रू भागात शोधत बसले होते.

पाचपैकी चार तारे. एक भिंगाचा कापला. क्रियापदांची रूपं ओळखता येत नसतील तर इतक्यात घेऊ नका. हॉलडेचा 1971 चा छोटा कोश अक्षरानुक्रमाने आहे, त्यात नाक नाकाच्या जागी सापडतं. आणि नुसतं चाळून बघायचं असेल तर याचे हक्क केव्हाच संपलेत, स्कॅन केलेली प्रत इंटरनेटवर फुकट आहे. तीत साठावं पान काढा. मोठं करूनही वाचता येतं, भिंगाचा खर्च वाचेल.