अंगठा बघायचा की ईईजी? अपस्मारात टीएमएस वापरण्याआधी

अपस्मार असलेल्या माणसाचा मेंदू किती पटकन उत्तेजित होतो, हे टीएमएसने, म्हणजे डोक्यावर बाहेरून दिलेल्या चुंबकीय स्पंदाने मोजायचं ठरवलंत, तर आधी एक गोष्ट पक्की करा: मेंदूचं उत्तर वाचणार कुठे? हाताच्या स्नायूवर, की डोक्यावर लावलेल्या ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या नोंदीत?

हाताची वाट जुनी आहे. 1985 मध्ये शेफील्डला अँथनी बार्कर यांनी टीएमएस दाखवलं, तेव्हाही हातच हलला होता. डोक्याशी धरलेली कॉइल 'टक्' करते आणि सुमारे 20 मिलिसेकंदांत अंगठ्याजवळचा स्नायू उडतो. दहातल्या निदान पाच वेळा 50 मायक्रोव्होल्टचा प्रतिसाद यावा, यासाठी लागणारी कमीत कमी तीव्रता म्हणजे मोटर थ्रेशोल्ड. कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन यांसारखी, चेतापेशींतले सोडियम चॅनेल रोखणारी अपस्माराची औषधं तो वर नेतात. लोराझेपाम हे मेंदू शांत करणारं औषध मात्र त्याला फारसं हलवत नाही. त्याचा परिणाम जोडस्पंदात दिसतो: आधी एक हलका स्पंद, दोन-तीन मिलिसेकंदांनी जोरकस, आणि दुसऱ्याचा प्रतिसाद नेहमीपेक्षा जास्त दबलेला. औषध मेंदूत काय करतंय हे इतकं थेट दिसणं मला आजही विलक्षण वाटतं.

पण याच कारणाने औषधावर असलेल्या रुग्णांची निरोगी माणसांशी तुलना फसते. उंचावलेला थ्रेशोल्ड आजाराचा नसून गोळीचा असू शकतो. त्याच माणसाचं औषधाआधीचं आणि नंतरचं मोजमाप घेणं कधीही चांगलं.

हाताची खरी मर्यादा म्हणजे तो फक्त मोटर कॉर्टेक्सबद्दल, म्हणजे मेंदूच्या हालचाली घडवणाऱ्या भागाबद्दल बोलतो. झटके टेम्पोरल लोबमधून, म्हणजे कानशिलाजवळच्या भागातून येत असतील, तर आपण शेजाऱ्याकडे चौकशी करतोय.

टीएमएस-ईईजी त्या घरापर्यंत जाऊ शकतं, पण त्याची किंमत मोठी आहे. स्पंद सहन करणारा अँप्लिफायर हवा, एकेका जागी शंभराच्या आसपास स्पंद हवेत. कॉइलचा आवाजही ईईजीत लाट उठवतो, म्हणून कानात सतत गोंगाट वाजवावा लागतो. शिवाय कानशिलाजवळ स्पंद दिला की तिथले स्नायू आखडतात आणि नेमकी हवी ती जागाच झाकोळते. खोट्या स्पंदाशी (आवाज तोच, पण मेंदू उत्तेजित न करणारा) तुलना नसेल, तर अशा नोंदीवर मी विश्वास ठेवणार नाही.

माझं मत सांगते. प्रश्न औषधाचा असेल, तर हात पुरेसा आहे. झटक्यांच्या मूळ जागेचा असेल आणि सिग्नल साफ करणारा अनुभवी माणूस सोबत असेल, तरच टीएमएस-ईईजी. निदानासाठी यातलं काहीच नाही. तिथे नेहमीचा ईईजीच.

एकेरी किंवा जोडस्पंदाने झटका येण्याचा धोका कमी आहे, पण शून्य नाही. कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) असेल तर थांबाच. चाचणीसाठी कुणाचीही गोळी बंद करायला सांगू नका. शेवटचा झटका कधी आला, गोळी किती वाजता घेतली, हे लिहून ठेवा. आदल्या रात्री जागरण झालं असेल, तर दुसरा दिवस ठरवा. झोप बुडाली की आकडे बदलतात.