परिपाठ, मूल्यवर्धन की हरित सेना? दोन तासिका कुठे घालायच्या

जून जवळ आला की शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये हा विषय निघतोच. मुलांना चांगले संस्कार द्या, संविधान शिकवा, पर्यावरण शिकवा, सगळे माना डोलावतात, चहा होतो, आणि मग वेळापत्रक बसवायला घेतलं की कळतं की गणित इंग्रजीला हात लावायचा नाही आणि बाकी काही उरत नाही. आरटीईप्रमाणे (शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे) सहावी ते आठवीला वर्षाचे २२० दिवस आणि १००० तास, पहिली ते पाचवीला २०० दिवस आणि ८०० तास. त्यातून खेचून खेचून आठवड्याला दोन तासिका निघतात, आमच्याही तेवढ्याच निघाल्या. तेव्हा त्या दोन कशाला द्यायच्या हा खरा प्रश्न, आणि मी परिपाठ, मूल्यवर्धन आणि हरित सेना हे तिन्ही प्रकार थोडे थोडे करून बघितलेत म्हणून लिहितोय.

सगळ्यात स्वस्त म्हणजे परिपाठ, त्याला तासिकाच लागत नाही. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणापासून वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलतेपर्यंतची ती दहा मूल्यं आपल्या सगळ्यांच्याच भिंतीवर रंगवलेली आहेत. २६ जानेवारी २०२० पासून संविधानाच्या प्रास्ताविकेचं वाचनही आलं. अडचण एवढीच की सगळं एकाच दिशेनं चालतं, माइकवरून मुलांकडे. आमची पोरं प्रास्ताविका अशी म्हणतात की श्वास घ्यायला फक्त शेवटी थांबतात. एकदा मधेच थांबवून सातवीतल्या एकाला विचारलं, बंधुता म्हणजे काय रे? तर म्हणाला, सर, भावाभावांनी बांधावरून भांडू नये. (आता याला चूक तरी कसं म्हणायचं?) तेव्हापासून आम्ही आठवड्याला एकच शब्द घेतो आणि त्यावर दोन मिनिटं बोलतो. समाजवादी, धर्मनिरपेक्ष आणि एकात्मता हे शब्द १९७६ ला ४२ व्या दुरुस्तीनं आले हे सांगितलं तर लगेच प्रश्न, म्हणजे घटना बदलता येते? मग बाकीचं का नाही बदलत? उत्तर देता देता पहिली तासिका गेली, पण नागरिकशास्त्राच्या धड्यावर असा प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता.

दुसरं मूल्यवर्धन. शांतिलाल मुथा फाउंडेशननं २००९ ला बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांपासून सुरू केलेलं आणि पुढं शासनाबरोबर राज्यभर गेलेलं. पाया संविधानातली मूल्यंच, पण भाषण नाही, उपक्रम. जोडीत बोला, गटात ठरवा, मग वर्गाला सांगा. पहिली ते चौथीला याच्याइतकं चांगलं मी काही पाहिलं नाही, वर्षभर तोंड न उघडणारी मुलगी जोडीदाराशी मात्र बोलते आणि हळूहळू वर्गातही बोलायला लागते. फक्त शिक्षकाला गप्प बसता आलं पाहिजे, आणि ते आपल्याला प्रशिक्षणातही धड जमत नाही! वर्गात गोंगाट होतो, शेजारच्या वर्गाच्या बाई येऊन बघून जातात. आणखी एक, सातवी आठवीची मुलं हुशार असतात, सरांना कुठलं उत्तर हवंय ते त्यांना पाचव्या मिनिटाला कळतं आणि मग सगळा वर्ग एकदम सज्जन होऊन बसतो. आणि ज्या शिक्षकाला हे जमतं त्याची बदली झाली किंवा त्याला बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम लागलं की उपक्रम थांबला.

तिसरं हरित सेना, इको क्लब वगैरे, म्हणजे शाळेतले मुलांचे पर्यावरणाचे गट. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून क्लबसाठी पैशाची तरतूद असते, वेळेवर हातात पडली तर. पण बहुतेक ठिकाणी याचा अर्थ वृक्षारोपण, फोटो, फोटो अपलोड, आणि दिवाळीपर्यंत शेळ्यांनी कार्यक्रम आटोपलेला. आमच्याकडेही तेच चाललेलं. मग एका वर्षी झाडं बाजूला ठेवून उसाचं पाचट (तोडणीनंतर रानात उरणारा वाळलेला पाला) घेतलं, कारण तोडणी झाली की आमच्या शिवारात रात्री जाळ दिसतो आणि सकाळी वर्गात निम्मी मुलं खोकतात. पाचट जाळू नये हे पाठ सगळ्यांना. आठवीतला एक उठून म्हणाला, माझे पप्पा जाळतात, मग ते वाईट आहेत का? वर्ग गार. मलाही पटकन काही सुचलं नाही, म्हटलं, का जाळतात ते विचारून ये. दुसऱ्या दिवशी पोरगं वहीत लिहूनच घेऊन आलं: पाचट सरीत बसवायला मजूर लागतात, ते मिळत नाहीत, पाणी नीट पुढं सरकत नाही, उंदीर होतात, आणि खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणाऱ्या पुढच्या पिकाला) उशीर नको. मग खोडव्यात पाचट ठेवणाऱ्या एका शेतकऱ्याच्या रानात गेलो, त्यांनी युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं कल्चर कसं टाकतात ते दाखवलं, पाण्याच्या पाळ्या कमी लागतात म्हणाले, पण पहिल्या वर्षी त्रास होतो हेही सांगितलं. त्या मुलाच्या पप्पांनी पुढच्या वर्षीही जाळलंच. पण नैतिक प्रश्न म्हणजे काय हे मला बीएडला कळलं नव्हतं ते त्या दिवशी कळलं. तोटा असा की प्रोजेक्ट म्हटलं की चाळीसातली आठ दहा हुशार मुलं धावपळ करतात आणि बाकीची ट्रॅक्टरवर बसून मजा बघतात, आणि शिवारात न्यायचं तर पालकांची संमती, सोबत एखादा माणूस, सगळं आलं.

वेगळा विषय, वेगळं पुस्तक हा चौथा पर्याय काही पालक सुचवतात. सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्ये वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण हा विषय सक्तीचा करायला सांगितलं, २००३ ला पुन्हा बजावलं. विषय आला, पण दहावीच्या पोरांना विचारा त्यांनी प्रोजेक्ट कुठून आणला, झेरॉक्सच्या दुकानाचा पत्ता सांगतील. यात मी जास्त वेळ घालवणार नाही.

मग निवडायचं काय? चौथीपर्यंतची शाळा असेल, त्यातही दोन शिक्षकी, तर डोळे झाकून मूल्यवर्धन, इयत्ता एकत्र बसवूनही चालतं. सहावीच्या पुढं वर्षाला एकच स्थानिक प्रश्न घ्या, तोही असा की ज्यात गावातल्या कोणाचं तरी पोट अडकलंय, नाहीतर चर्चा पुन्हा निबंधावर येते. शहरातल्या साठ पटाच्या वर्गाला शिवार नसतं पण डब्यातलं उरलेलं अन्न आणि गळणारे नळ असतात, आठवडाभर मोजायला लावा, फक्त गटात कामं आधी वाटून द्या. परिपाठ कुठल्याही शाळेनं ठेवावा, लहान करून. आणि याला मार्क देऊ नका, अगदी श्रेणीसुद्धा नको, मार्क आले की पप्पा जाळतात हे वर्गात कोण कशाला सांगेल.

आमच्याकडे यंदा पाचवीला मंगळवार शुक्रवारची शेवटची तासिका मूल्यवर्धनाला, आणि सातवी आठवीला शनिवारच्या दोन तासिका सलग ठेवल्यात, कारण पस्तीस मिनिटांत रानात जाऊन परत येणं होत नाही. या वर्षीचा प्रश्न मुलांनीच ठरवलाय, बाजारच्या दिवशी ओढ्यात पडणाऱ्या पिशव्या. वर्गातल्या तिघांच्या घरचा भाजीचा गाडा आहे.