ऑटोहॉटकी: एलईडी वॉलवाल्याला कितपत कामाचं?

मी लग्नात एलईडी वॉल लावतो. यावल, फैजपूर, सावदा, रावेर हा माझा पट्टा. केळीला भाव असला की लग्नं मोठी होतात आणि स्टेजच्या दोन्ही बाजूंना वॉल लागते. तिच्यावर जे दिसतं ते सगळं एका लॅपटॉपमधून जातं: प्री-वेडिंगचा व्हिडिओ, फोटोंचा स्लाइड शो, जेवणं चालू असताना गाणी. मंगलाष्टकांच्या वेळी वॉलवर स्टार्ट मेनू उघडला, की नवरदेवाचा मामा एकदा तेव्हा आपल्याकडे बघतो आणि एकदा हिशेबाच्या वेळी. हे टाळायला मी ऑटोहॉटकी घेतलं, म्हणजे कीबोर्ड-माउसची कामं आपण लिहून दिल्याप्रमाणे आपोआप करणारं सॉफ्टवेअर. 'घेतलं' म्हणजे डाउनलोड केलं, पैसे लागत नाहीत. २००३ पासून चालत आलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे, फक्त विंडोजवर चालतं, आणि स्क्रिप्ट, म्हणजे त्याला द्यायच्या आज्ञांची फाइल, नोटपॅडमध्ये लिहिता येते.

मला हवं होतं ते एवढंच. वॉलवर काही फुलस्क्रीन चालू आहे हे स्क्रिप्टला कळावं. कळलं की विंडोजचं बटण बंद व्हावं, स्क्रीन झोपू नये, माउसचा बाण लॅपटॉपवर परत यावा. व्हिडिओ संपला की सगळं पूर्वीसारखं.

बटण अडवणं, बाण हलवणं यात ऑटोहॉटकीला तोड नाही, दोन-चार ओळींत काम होतं. पण 'फुलस्क्रीन आहे का?' असा तयार प्रश्न त्याला विचारता येत नाही, तो आपणच बांधायचा. नेहमीची रीत अशी: विनगेटपॉस या आज्ञेने खिडकीची (विंडोची) जागा आणि मापं घ्यायची, ती स्क्रीनच्या मापांशी जुळतात का बघायचं, मग विनगेटस्टाईलने खिडकीला टायटल बार, म्हणजे वरची नावाची पट्टी, आहे की नाही ते तपासायचं. नुसत्या मापांवर विसंबता येत नाही. वॉलवर टास्कबार ठेवलेला नसेल तर नुसती मॅक्सिमाइझ केलेली खिडकीसुद्धा पूर्ण पडदा व्यापते. क्रोममध्ये एफ-अकरा दाबलं की टायटल बारची ती खूण जाते, म्हणून दोन्ही अटी एकत्र लावल्या की बहुतेक वेळा उत्तर बरोबर येतं.

'बहुतेक वेळा' म्हणालो, कारण नेटवर मिळणारे नमुने एकाच मॉनिटरचे असतात. आमच्या धंद्यात वॉल म्हणजे दुसरा मॉनिटर, एक्स्टेंड केलेला, म्हणजे लॅपटॉपवर एक आणि वॉलवर वेगळं दिसतं. ए-स्क्रीनविड्थ हा चल (व्हेरिएबल) फक्त मुख्य स्क्रीनची, म्हणजे लॅपटॉपची रुंदी सांगतो. वॉलची चौकट हवी तर मॉनिटरगेट वापरावं लागतं. दुसरं असं, की नमुन्यांतली स्क्रिप्ट फक्त चालू खिडकी तपासते. आपण लॅपटॉपवर पुढचं गाणं शोधत असतो तेव्हा चालू खिडकी फोल्डरची असते, व्हिडिओ तिकडे वॉलवर. स्क्रिप्ट म्हणते, फुलस्क्रीन काहीच नाही! म्हणून विनगेटलिस्टने सगळ्या खिडक्यांची यादी घेऊन एकेक तपासायची.

आणि यादी घेतली की खरी गंमत सुरू होते, भो. डेस्कटॉप स्वतःच एक खिडकी आहे, प्रोगमॅन नावाच्या क्लासची (क्लास म्हणजे खिडकीचा प्रकार). टायटल बार नाही, माप स्क्रीनभर. ती वगळली नाही तर रिकाम्या डेस्कटॉपलाही स्क्रिप्ट 'सिनेमा चालू' समजते. माझ्या लॅपटॉपात ग्राफिक्स कार्डासोबत आलेली एक पारदर्शक ओव्हरले खिडकी (बाकी सगळ्याच्या वर राहणारी) निघाली. डोळ्यांना दिसत नाही, पण पडद्यावर झाकण घातल्यासारखी पसरलेली. असल्या भानगडी शोधायला सोबत येणारं विंडो स्पाय फार कामाचं. खिडकीवर बाण नेला की तिचं नाव, क्लास, मापं सगळं समोर. न दिसणाऱ्यांसाठी मी यादीतली नावं एका फाइलमध्ये उतरवून घेतली आणि वगळायची ती वगळली.

लॅपटॉपचं स्केलिंग (अक्षरं-चित्रं मोठी दाखवायची सेटिंग) १२५ किंवा १५० टक्के आणि वॉलचं १०० असेल तर मापांचं गणितही बिघडतं. त्यावरची एक ओळ ऑटोहॉटकीच्या डॉक्युमेंटेशनमध्येच दिलेली आहे. डॉक्युमेंटेशन इंग्रजीत आहे, पण नीट लिहिलेलं. याला पैकीच्या पैकी.

एवढा कुटाणा नको असेल तर विंडोजचंच एक तयार फंक्शन ऑटोहॉटकीच्या डीएलएलकॉल या आज्ञेने बोलावता येतं, एसएच-क्वेरी-युजर-नोटिफिकेशन-स्टेट. ते एक आकडा परत देतं: २ म्हणजे फुलस्क्रीन ॲप किंवा प्रेझेंटेशन सेटिंग चालू, ३ म्हणजे डायरेक्टथ्रीडीवाला फुलस्क्रीन गेम, ५ म्हणजे सगळं मोकळं. एकच पडदा असलेल्या शिकवणीच्या क्लासवाल्यांना पुरेसं आहे. मला नाही, कारण फुलस्क्रीन कोणत्या पडद्यावर आहे ते हा आकडा सांगत नाही.

त्रास म्हणाल तर आवृत्त्यांचा. डिसेंबर २०२२ मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि लिहिण्याची पद्धतच बदलली. नेटवरचे ढीगभर नमुने पहिल्या आवृत्तीचे, ते तसेच्या तसे चिकटवले की एरर. नवीन माणसाने सरळ दुसऱ्या आवृत्तीपासून सुरुवात करावी. तिच्यात मराठी मजकूरही व्यवस्थित दिसतो. माझ्या स्क्रिप्टचे सगळे निरोप मराठीत आहेत, म्हणजे मशीनवर बसणाऱ्या पोरालाही कळतात. स्क्रिप्टची ईएक्सई (स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅम) बनवली तर काही अँटिव्हायरस उगाच बोंब मारतात, म्हणून मी मूळ फाइलच चालवतो.

आणि एक स्पष्ट सांगतो. तुम्हाला फक्त नोटिफिकेशन थांबवायचे असतील तर यात पडूच नका. विंडोजमध्येच फुलस्क्रीन असताना ते बंद ठेवायची सोय आहे. फक्त स्क्रीन जागी ठेवायची असेल तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं अवेक फुकट आहे, एका क्लिकचं काम. ऑटोहॉटकी त्यांच्यासाठी, ज्यांना 'अमुक झालं तर तमुक कर' असं स्वतःच्या कामाप्रमाणे हवं आहे आणि त्यासाठी दोन संध्याकाळी घालवायची तयारी आहे.

मला त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मनात नसलेल्या ठिकाणी. लाइट जाते, जनरेटर सुरू होईपर्यंत वॉलचा कंट्रोलर बंद पडतो, विंडोजला दुसरा मॉनिटर दिसेनासा होतो आणि व्हिडिओची खिडकी लॅपटॉपवर येऊन बसते. मे महिन्यातल्या लग्नात तर हे ठरलेलंच. आता स्क्रिप्ट दर सेकंदाला तपासते आणि वॉलवर फुलस्क्रीन उरलं नाही की लॅपटॉपच्या कोपऱ्यात लाल पट्टी दाखवते. बीप मात्र लावू नका, लॅपटॉपचा आवाज मिक्सरला जोडलेला असतो.