रडणारे तान्हे बाळ : झोळी, दुपटे की आईची छाती?

जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत बाळाचे रडणे वाढत जाते, साधारण सहाव्या आठवड्यात ते सर्वांत जास्त असते आणि तीन-चार महिन्यांत बरेच ओसरते. त्यामुळे रोज दिवेलागणीला रडणारे बाळ आजारीच आहे, असे समजण्याचे कारण नाही. भूक, ओला लंगोट आणि उकाडा या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. एवढे पाहूनही बाळ शांत झाले नाही, तर आपल्याकडे झोळी, दुपटे आणि छातीशी धरणे हे तीन पर्याय उरतात.

झोळी खानदेशात घरोघरी असते. घरात ती आढ्याला बांधतात, आणि कापूस वेचणीला बाळ सोबत न्यावे लागले, तर बांधावरच्या निंबालाही. जुन्या सुती लुगड्याची झोळी मऊ असते, तिच्या संथ हेलकाव्याने बाळ लवकर निवते आणि आईचे हात मोकळे होतात, हा तिचा खरा फायदा आहे. मात्र तिच्या खोलगट तळाशी बाळाचे अंग मुडपते. नवजात बाळाला मान सावरता येत नाही, त्यामुळे हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट अरुंद होते आणि ते आवाज न करता गुदमरू शकते. वर आडवी काठी लावून पदर वेगळे ठेवल्याने चेहरा उघडा राहतो, पण मान वाकण्याचा धोका त्याने जात नाही. म्हणून कोणी मोठे माणूस शेजारी बसून पाहत असेल तेवढाच वेळ झोळी वापरावी, आणि बाळाचा डोळा लागताच त्याला सपाट, घट्ट अंथरुणावर पाठीवर निजवावे. मोठ्या भावंडाच्या हाती झोळीची दोरी देऊन स्वयंपाकाला लागणे मला धोक्याचे वाटते.

दुपट्यात गुंडाळल्याने हातपाय दचकून उडत नाहीत आणि झोप मोडत नाही. छातीभोवती थोडे सैल आणि कमरेखाली बरेच सैल गुंडाळावे. पाय ताठ बांधले तर खुब्याचा सांधा बिघडू शकतो. गुंडाळलेले बाळ पाठीवरच निजवावे आणि ते कुशीवर वळू पाहू लागले की गुंडाळणे कायमचे बंद करावे. हिवाळ्यात हा उपाय सोयीचा आहे. वैशाखात मात्र, जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा, मी तो सुचवणार नाही. बाळाला गरम होते आहे का, हे हातापायांवरून कळत नाही. मानेमागे किंवा छातीवर हात लावून पाहावे.

आईच्या उघड्या छातीवर बाळाला उभे धरणे हा माझ्या मते पहिला उपाय असावा. कमी वजनाच्या बाळांसाठी १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे ही पद्धत सुरू झाली, पण पूर्ण दिवसांच्या बाळालाही ती लागू पडते. ऊब, आईच्या हृदयाचे ठोके आणि ओळखीचा वास एकाच वेळी मिळतो, दूधही जवळ असते. वडील किंवा आजीही बाळाला असे धरू शकतात. उन्हाळ्यात सावलीच्या खोलीत बसावे आणि कूलरचा झोत थेट बाळावर घेऊ नये. धरणाऱ्याला झोप येऊ लागली, तर बाळ अंथरुणावर ठेवावे. खुर्चीत बाळासह डुलकी लागणे धोक्याचे आहे.

घुटी, मध, ग्राइप वॉटर आणि अफूचा अंश यांना या तुलनेत जागाच नाही. मधामुळे वर्षाखालील बाळाला बोट्युलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो, अफूने श्वास मंदावतो, आणि सहा महिन्यांपर्यंत, भर उन्हाळ्यातसुद्धा, आईच्या दुधाखेरीज पाणीही लागत नाही. शेकशेगडीच्या धुरापासूनही बाळाला दूर ठेवावे.

कोणताही उपाय चालेनासा होऊन संताप आला, तर बाळ पाठीवर निजवून काही मिनिटे बाजूला जावे, घरातल्या दुसऱ्या कोणाला हाक मारावी. बाळाला गदागदा हलवू नये. त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

बाळ दूध ओढत नसेल, अंग ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त गरम लागत असेल, नाहीतर गार पडले असेल, श्वासाबरोबर बरगड्या आत ओढल्या जात असतील, हिरवी उलटी किंवा झटका आला असेल, तर शांत करत बसू नये. १०८ वर फोन करावा आणि शासकीय रुग्णालयातील नवजात अतिदक्षता कक्ष गाठावा.