सात महिने ‘मीटबॉल’वर नजर : सिम्युलेटरवरील नौका-अवतरणाचा अनुभव

गेले सात महिने, आठवड्यातून किमान चार संध्याकाळी, मी घरच्या संगणकावरील विमान-सिम्युलेटरमध्ये एफ/ए-१८ हॉर्नेट हे लढाऊ विमान अमेरिकेच्या निमित्झ वर्गातील विमानवाहू नौकेवर उतरवण्याचा सराव करीत आहे. हे सिम्युलेटर घ्यावे की नाही, असे विचारणाऱ्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे.

पहिले दोन महिने मी सतत डेककडे, म्हणजे विमान उतरते त्या नौकेच्या वरच्या सपाट पृष्ठभागाकडे, पाहत होतो. जमिनीवरच्या धावपट्टीवर उतरताना टेकण्याची जागा नजरेने हेरायची सवय लागते, आणि नौकेवर नेमकी तीच सवय घात करते. येथे पाहायचे असते ते नौकेच्या डाव्या कडेला बसवलेल्या भिंगांच्या उभ्या रांगेकडे. त्या रांगेत दिसणारा पिवळसर ठिपका, ज्याला वैमानिक ‘मीटबॉल’ म्हणतात, तो दोन्ही बाजूंच्या हिरव्या दिव्यांच्या रेषेत असेल तर विमान सुमारे साडेतीन अंशांच्या उतारावर आहे. वर सरकला तर विमान उंच आहे, खाली सरकला तर ते खचते आहे, आणि तळाशी जाऊन लाल झाला तर डेकच्या मागच्या कडेवर आदळण्याचा धोका आहे. ही मूळ कल्पना ब्रिटिश नौदलातील निकोलस गुडहार्ट यांनी १९५१ मध्ये आरशाच्या रूपात मांडली. आरशाऐवजी वर सांगितलेली भिंगे (फ्रेनेल भिंगे) नंतर आली.

पाऊण मैलावर लँडिंग सिग्नल ऑफिसरला, म्हणजे डेकवरून अवतरणाचे मार्गदर्शन करणाऱ्या अधिकाऱ्याला, ठिपका दिसत असल्याचे कळवायचे, ‘रॉजर बॉल’ हे उत्तर ऐकायचे, आणि मग उरतात ते पंधरा-अठरा सेकंद. ठिपका खाली सरकू लागताच थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) किंचित पुढे, तो थांबताच थोडा मागे, आणि लगेच पुन्हा थोडा पुढे, अशी तीन टप्प्यांची दुरुस्ती बोटांत मुरायला मला चार महिने लागले. शिवाय उतरण्याची पट्टी नौकेच्या अक्षाशी सुमारे नऊ अंश तिरकी असल्यामुळे पुढे जाणाऱ्या नौकेबरोबर ती सतत उजवीकडे सरकत राहते, आणि हे सिम्युलेटरने फार प्रामाणिकपणे उतरवले आहे. चाके टेकताच पूर्ण शक्ती द्यावी लागते, कारण विमानाच्या शेपटीखालचा हूक डेकवर आडव्या ताणलेल्या चारपैकी एकाही तारेत अडकला नाही तर पुन्हा उडावेच लागते.

मुख्य उणीव दृश्याची आहे. माझ्या २४ इंची पडद्यावर पाऊण मैलावरचा ठिपका जेमतेम दिसतो आणि झूम केले की बाजूचा अंदाज सुटतो. व्हीआर हेडसेट घेतल्यावर ही अडचण बरीच कमी झाली. स्वतंत्र थ्रॉटल नसेल तर मात्र खरेदी करू नये. कीबोर्डवर ही दुरुस्ती शक्यच नाही.

या सरावानंतर ११ जानेवारी २०२० ची घटना मला नव्याने कळली. त्या दिवशी कमोडोर जयदीप मावळंकर यांनी नौदलासाठीचे तेजस विमान आयएनएस विक्रमादित्य या भारतीय विमानवाहू नौकेवर प्रथमच उतरवले. त्या नौकेवर तारा तीनच आहेत, आणि त्याआधी गोव्याच्या आयएनएस हंसा तळावर, जमिनीवर बसवलेल्या तशाच तारांवर, हूक अडकवून उतरण्याच्या चाचण्या झाल्या होत्या. न हलणाऱ्या जमिनीवरून हलत्या डेकवर जाणे म्हणजे काय, हे माझ्या खुर्चीतून पूर्ण कळणार नाही. पण ठिपका लाल होताना छातीत जे धस्स होते, त्यावरून थोडासा अंदाज येतो.

रात्रीच्या अवतरणात तिसरी तार, म्हणजे वैमानिक जिच्यावर नेम धरतात ती, मला आजवर फक्त दोनदा मिळाली आहे.