दोन बादल्यांचा खतसंच: मुलांसाठी घ्याच, पण माहितीपत्रक बाजूला ठेवून

नाशिकच्या नर्सऱ्यांमध्ये ओल्या कचऱ्याचं खत करायचा संच मिळतो. 20 लिटरच्या दोन बादल्या, आत जाळी, तळाला साचलेलं पाणी काढायचा नळ, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुश्याची) 650 ग्रॅमची वीट, कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंच्या विरजणाचं पाकीट आणि छोटं खुरपं. चौघांच्या घराला एवढं पुरतं. एक बादली भरायला साधारण महिना लागतो. ती मुरत असताना दुसरी भरायची. तिसरी-चौथीतल्या मुलाला पेलवेल इतकंच हे काम आहे. परिसर अभ्यासाच्या पुस्तकातलं कुजणं इथे त्याच्या हाताला लागतं, आणि महापालिकेच्या पाथर्डीतल्या खतप्रकल्पावर घंटागाडीतून काय जातं हेही त्याला उमगतं.

माहितीपत्रकात मात्र घोटाळा आहे. वीट चार लिटर पाण्यात भिजवून तशीच वापरा, असं त्यात सांगितलंय. आधीच पाणी प्यायलेलं कोकोपीट भाजीचं पाणी शोषणार कसं? आठवड्याभरात आंबूस वास सुटतो, आई वैतागते आणि बादली गच्चीवर जाते. वीट फुगवा, पण दोन-तीन दिवस उन्हात पसरून कोरडी करून मगच वापरा. तळाला दोन इंच वाळलेला पालापाचोळा, त्यावर बारीक चिरलेला कचरा, आणि दोन वाट्या कचऱ्याला एक वाटी कोरडं कोकोपीट. विरजण चमचाभर पुरे. दोन दिवसांआड खुरप्याने खालीवर करायचं.

ओलावा मुलालाच बघू द्या. मूठभर घेऊन दाबायचं: बोटांतून पाणी ठिबकलं तर कोरडा पाला हवा, मूठ उघडताच भुगा झाला तर पाण्याचा शिपका. पांढरी बुरशी चांगली, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर मूल घाबरून सगळं फेकायला निघतं. जाड करड्या अळ्याही अपाय करत नाहीत; ओल जास्त झाली किंवा उरलेली भाजी-आमटी आत गेली, एवढाच त्यांचा अर्थ. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत काम मंदावतं, तेव्हा बादली उन्हाच्या बाजूला सरकवा.

सगळ्यात मोठा धडा चाळताना मिळतो. दोन-अडीच महिन्यांनी काळंभोर, मातीच्या वासाचं खत खाली पडतं आणि चाळणीवर सफरचंदाचा स्टिकर जसाच्या तसा उरतो. कधी चहाच्या पिशवीची जाळीही. प्लास्टिक कुजत नाही, हे फळ्यावर दहा वेळा लिहूनही इतकं पटत नाही.

शाळेसाठी एका वर्गाला एक संच, त्याहून जास्त भार नको. डब्यातलं तेलकट-खारट उरलेलं टाकू देऊ नका. फळांची सालं आणि मैदानातला पाला भरपूर आहे. आठवड्याला चार मुलांची पाळी लावा: एकाने वजन, एकाने चिरणं, एकाने ढवळणं, एकाने वहीत नोंद. शाळेत बादली बिघडते ती सुट्टीत. दिवाळीच्या आठवडाभर आधी नवा कचरा थांबवा आणि वर दोन इंच पाल्याचा थर द्या. मे महिन्यात बादली एखाद्या मुलाच्या घरी पाठवा. पालकही आपोआप कामाला लागतात.

नळ हा संचाचा कच्चा दुवा. कोकोपीटने तो तुंबतो, म्हणून आतून नायलॉनच्या जाळीचा तुकडा बांधा. विकत घेताना दुकानातच बादलीत पाणी भरून नळ गळतो का बघून घ्या.